काकवीच्या माथी मारलेला ताप

डॉक्टरांनी मला विचारले, "न तापवलेलं दूध पिता का?" मी शांतपणे उत्तर दिले, "नाही."

ते उत्तर खोटे होते. खाटेच्या उशाशी माझी पत्नी विजया उभी होती, पायाशी माझी मुलगी प्राची. दोघींपैकी कोणीही माझ्या शब्दावर शंका घेतली नाही. त्या एका शब्दाचा भार पुढे कित्येक महिने मी उचलला नाही; तो उचलला प्राचीने, आणि आमच्या घरच्या एका तीन पायांच्या कुत्रीने. तिचे नाव काकवी.

अशा तापातून जाणाऱ्यांना काही उपयोग व्हावा म्हणून मी हे लिहीत आहे. औषधांची नावे आणि तपासण्यांचे आकडे येथे सापडणार नाहीत. ते डॉक्टर सांगतील. आपण डॉक्टरांपासूनच जे लपवतो, ते सांगणारे मात्र कोणी नसते. मी तेवढेच लिहिणार आहे.

*

मी कोल्हापुरात गुळाचा अडत्या आहे. हंगामात बाजारात ट्रक-टेम्पोंची रांग लागते आणि थंडीच्या दिवसांत भटकी कुत्री उबेसाठी त्यांच्याखाली झोपतात. एका सकाळी एक टेम्पो निघाला आणि खाली झोपलेल्या कुत्रीचा मागचा पाय चाकाखाली गेला. हमाल ओरडले, ड्रायव्हर खाली उतरला, माणसे जमली. जमलेल्यांत मीही होतो. मी हळहळलो, आणि सौद्याची वेळ झाली म्हणून आत निघून गेलो.

प्राची त्या दिवशी मला घरचा डबा द्यायला आली होती. ती वारणानगरच्या एका महाविद्यालयात शिकवते; त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिने डबा हमालाच्या हाती दिला, कुत्रीला गोणपाटात गुंडाळले आणि रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. पाय वाचला नाही. कुत्री वाचली.

"चार दिवस ठेवू, अप्पा," प्राची म्हणाली. "जखम भरली की कोणी घेणारं बघू."

विजयाला ते पटण्यासारखे नव्हते. आमचे घर जैन, रीतीभाती पाळणारे. गावात मुनिमहाराज आले की त्यांचा आहार आमच्याकडे होतो. त्यासाठी शुद्ध राखलेल्या स्वयंपाकघराला आम्ही चौका म्हणतो, आणि विजयाचा चौका साऱ्या नात्यागोत्यात नावाजलेला.

"मांस खाणारं जनावर घरात आणतीस?"

"आई, ती दूध-भाकरी खाईल की."

"भाकरी खाऊन कुत्रं जैन होतं व्हय गं?"

अखेर मागच्या पडवीवर तडजोड झाली. अंगाचा रंग पातळ गुळासारखा, म्हणून प्राचीने तिला काकवी म्हटले. घेणारे कोणी मिळाले नाही, आणि काही दिवसांनी आम्ही शोधणेही थांबवले.

काकवी पुरुषांना भीत असे. मी पडवीत उभा असेतोवर ती थाळीला तोंड लावत नसे. मग मी थाळी ठेवून पाठ फिरवू लागलो. पाठीमागे लपालप आवाज सुरू झाला की मला उगाच बरे वाटे. एका संध्याकाळी मी कठड्याशी उभा असताना माझ्या पोटरीला काही ऊबदार टेकले. तीन पायांवर स्थिर उभे राहणे तिला जड जाई. आधार म्हणून तिने माझा पाय निवडला होता. मी बराच वेळ हललो नाही. घरात विजया हाका मारीत होती, तरी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "संध्याकाळचं तिला मी फिरवून आणत जाईन."

विजयाने चष्म्यावरून पाहिले. "तुम्ही? बघ गं प्राची, काकवीनं तुझ्या अप्पांना माणसाळवलं."

तिला फिरवून आणण्याच्या माझ्या म्हणण्यात कुत्रीवरचे प्रेम निम्मे होते. उरलेले निम्मे आता सांगतो.

*

वडील गेले त्या वर्षीच्या चातुर्मासात मी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला: सूर्यास्तानंतर काही ग्रहण करायचे नाही आणि घराबाहेरचे खायचे-प्यायचे नाही. पुढे बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, पाठशाळेची जबाबदारी माझ्याकडे आली. रविवारी मी मुलांना शिकवीत असे की दूध गाळून घ्यावे आणि धार काढल्यापासून दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या, आत तापवावे. लोक माझे उदाहरण देत. ते ऐकायला गोड वाटे, आणि हळूहळू त्याचे ओझेही वाटू लागले.

कोल्हापूरकराला दूधकट्टा समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. संध्याकाळी गवळी आपल्या म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात, आणि कोमट, फेसाळ दूध पेल्यात हातात येते. ते तिथेच उभ्याने प्यायचे. शाळकरी वयात मी थोडे दिवस तालमीत जात होतो, तेव्हाची ती चव. आमच्या पेठेपासून दूर, जिथे मला कोणी ओळखत नव्हते, अशा एका कट्ट्यावर मी काकवीला घेऊन जाऊ लागलो. दिवस मावळलेला असे. तिथे मी कोणाचे उदाहरण नव्हतो.

"या पावणं," मारुती गवळी हाक मारी. "आज उशीर केलासा. म्हस वाट बघून कटाळली की."

पहिल्या काही दिवसांतच त्याने काकवीसाठी एक करवंटी आणून ठेवली. पेल्याच्या तळाचे दूध मी तिला त्यात ओतून देत असे. ती करवंटी चाटून पुसून काढी आणि मग माझ्याकडे पाही. मी रुमालाने मिशा पुसून घरी परते. विजया पाय धुवायला पाणी देई आणि विचारी, "लांब गेला होतासा का?" मी म्हणे, "ही ओढत नेते."

तेव्हाही मी तिच्याच नावावर खपवत होतो.

*

ताप फाल्गुनात सुरू झाला. तो संध्याकाळी चढे आणि पहाटे घामात उतरे. बनियन पिळावे इतका घाम. पाठ अशी दुखे की कूस बदलताना मी दातात पंचा धरीत असे. काही दिवस ताप अजिबात नसे. मग वाटे, संपले एकदाचे. आणि तो पुन्हा येई. टायफॉइड झाला असे मानून औषधे झाली. मलेरियाची तपासणी झाली. एका डॉक्टरांनी क्षयाचा संशय घेतला, आणि दुसऱ्यांनी गाठीबिठी नाहीत ना म्हणून छाती-पोटाची छायाचित्रे काढायला लावली. अहवालाचा लखोटा हाती येईपर्यंत विजया देव्हाऱ्यापुढून उठली नाही.

ताप नसलेल्या दिवसांत अंगात बळ यावे म्हणून मी काय करीत होतो, हे वाचकांनी ओळखले असेल. काकवीची साखळी हातात घेऊन कट्ट्यावर जात होतो. मारुती म्हणे, "लई वाळलासा, पावणं. दोन पेले घ्या." मी दोन पेले घेई.

रोग्याच्या खोलीत काकवीला यायला बंदी होती, पण विजयाचा डोळा लागला की मी दार किलकिले ठेवी. ती येऊन खाटेखाली बसे. घामाने भिजलेला माझा हात खाटेवरून लोंबत असे आणि ती तो चाटत राही. माणसे मला विचारून विचारून थकली होती की आता कसे वाटते. ती काही विचारीत नसे. मला तेवढेच सोसवत असे.

एका दुपारी न्हाणीघरात पाठीतून कळ गेली आणि मला उठता येईना. प्राचीने दार फोडवून घेतले. त्या दिवशी इस्पितळात दाखल झालो.

*

निदान झाले त्या दिवशीचे मला सारे आठवते. डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. हातात कागद घेऊन त्या खाटेशी आल्या.

"काका, कारण सापडलं. हा जनावरांकडून येणारा ताप आहे, ब्रुसेलोसिस. बरा होतो, पण औषध बरेच आठवडे न चुकता घ्यावं लागेल. हाडांत, मणक्यात शिरला तर अवघड होतं. आता मला सांगा, न तापवलेलं दूध पिता का?"

माझ्याआधी विजया हसली. कित्येक दिवसांनी हसली. "अहो डॉक्टर, यांना विचारता? हे घराबाहेर पाण्याचा घोट घेत नाहीत. दूध दोन घटकांच्या आत तापवायचं हे मुलांना शिकवतात, पाठशाळेत."

डॉक्टरबाई माझ्याकडेच पाहत होत्या. "काका?"

"नाही," मी म्हणालो.

"घरात जनावर आहे?"

विजयाचे हसणे थांबले. प्राची सावकाश म्हणाली, "कुत्री आहे. पण तिला सगळी इंजेक्शनं दिलीत."

"कुत्र्याकडून तसा क्वचितच होतो. तरी तिचं रक्त तपासून घ्या."

मला वाटले, तपासणीत काही निघणार नाही आणि विषय संपेल. करवंटी मला त्या क्षणी आठवली नाही, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. आठवली होती.

काकवीच्या रक्तातही तोच दोष निघाला.

सकाळच्या फेरीला डॉक्टरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "विचित्र आहे. दोघांनी एकच काही खाल्लं-प्यायलं आहे का?"

"ती आमच्याच घरचं खाते," विजया म्हणाली. "दूधही तापवलेलंच. यांचे हात चाटत बसायची, मी डोळ्यांनी बघितलंय."

मी सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिलो. थेंब पडत होते. मी तेव्हा बोलू शकत होतो. घसा कोरडा नव्हता, शुद्ध हरपलेली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर दोघींची जुंपली. वॉर्डातली माणसे ऐकत होती म्हणून दोघी दबक्या आवाजात बोलत होत्या, आणि त्यामुळे ते अधिकच भयंकर वाटत होते.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? भाकरी खाऊ घाल, दूध घाल, जनावर ते जनावर."

"आई, तिला औषध सुरू केलंय. पडवीत वेगळी ठेवते. घरातही येणार नाही."

"आणि तुझ्या बापाच्या मणक्यात गेलं तर? तुझं कुत्रं येणार हाय खांदा द्यायला?"

प्राची माझ्याकडे वळली. तिने माझा हात धरला. "अप्पा, तुम्ही सांगा आईला. तुमचं ती ऐकेल."

मी म्हणालो, "थोडे दिवस जाऊ दे तिला कुठंतरी. आईला धीर येईल."

प्राचीने हात सोडला.

*

कबनूरला माझ्या मेहुण्याचे, महावीरचे, यंत्रमाग आहेत. त्याची एक शेड बंद पडून होती. आजूबाजूला गाई-म्हशी नव्हत्या. काकवीला तिथे नेले. औषधाच्या गोळ्या भाकरीत घालून देण्याचे महावीरने कबूल केले. प्राची तिला स्वतः सोडून आली आणि त्याच आठवड्यात वारणानगरला खोली घेऊन राहू लागली. जाण्या-येण्याचा त्रास वाचतो, असे तिने सांगितले. असे आमचे घर फुटले: मी इस्पितळात, मुलगी वारणेला, कुत्री कबनूरला, आणि विजया एकटी या सगळ्यांच्या मध्ये धावणारी.

इस्पितळाचा दिवस इंजेक्शनापासून इंजेक्शनापर्यंत असतो. पहाटे थर्मामीटर, मग कमरेत सुई, मग मूठभर गोळ्या. त्यांपैकी एका गोळीने लघवी नारिंगी होते. मला ते कोणी आधी सांगितले नव्हते आणि मी रक्त समजून घाबरलो; म्हणून येथे नोंदवून ठेवतो. शेजारच्या खाटेवर कावीळ झालेले एक शेतकरी होते, राऊ पाटील. माझा ताप चढताना पाहून ते म्हणायचे, "पावणं, तुमचा ताप लाल डब्यावानी हाय. येनार म्हंत्यात तवा येत न्हाय, आन गेला म्हनून निघावं तर दारात हुबा." मी हसायचो आणि पाठीत कळ यायची. तरी हसायचो.

सगळ्यांत कठीण वेळ संध्याकाळची होती. सूर्य कलू लागला की माझे डोळे दाराकडे लागत. मावळायच्या आत विजया डबा घेऊन पोहोचायची. रिक्षा मिळाली नाही तर चालत, पावसाळ्यात भिजत, धापा टाकत. "पोचले बाई," म्हणायची, खिडकीतून आभाळ बघायची आणि झाकण उघडायची. माझा नियम मोडू नये म्हणून ती धावत होती. मी घास घेत असे आणि तो घशाखाली उतरत नसे. तिला वाटे, औषधांनी तोंडाची चव गेली आहे.

*

घरी आलो तो आषाढात. गोळ्या चालूच होत्या. ताप गेला होता, पाठ सुधारत होती, आणि पडवीत काकवीची थाळी पालथी घातलेली होती.

एका सकाळी महावीरचा फोन आला. तो मोठ्यानेच बोलतो. यंत्रमागाच्या आवाजात आयुष्य गेलेले.

"दाजी, रागावू नगा, पन ही कुत्री काय टिकत न्हाय. चार दिस झालं, भाकरीला शिवली न्हाय. बाजूचं माग सुरू झालं की कोपऱ्यात थरथरत बसती. गोळी तरी कशी घालू?"

फोनचा आवाज इतका मोठा होता की ताटे पुसणाऱ्या विजयाने सारे ऐकले. तिचे हात थांबले. "बिचारी," ती पुटपुटली; आणि लगेच म्हणाली, "पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात नाही हं."

त्याच आठवड्यात मला दाखवायला जायचे होते. विजया औषधे घ्यायला खाली गेली तेव्हा मी डॉक्टरबाईंना सांगितले. सगळे. कट्टा, पेला, करवंटी. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "काका, औषध तेच असतं, म्हणून तुमचं निभावलं. पण त्या म्हशीचं दूध आणखी किती लोक पितात? मला तेव्हाच कळलं असतं तर कोणाला तरी सावध करता आलं असतं. आणि त्या मुलीला मी इथं रडताना बघितलंय."

"कुत्रीला घरी आणू का?"

"आणा. तिचे डॉक्टर हो म्हणाले की आणा. पण घरी खरं कारण तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

आता मी केले ते ऐका. विजया वर आली तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाल्या, काकवीला आणायला हरकत नाही." तेवढेच. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. सत्य सांगून मिळवलेली परवानगी मी जुनेच असत्य झाकायला वापरली.

*

जनावरांच्या डॉक्टरांनी होकार दिला, आणि रविवारी प्राची आणि मी गाडीने कबनूरला गेलो. शेजारच्या शेडमधले माग खडाखडा चालू होते. बोलणे ऐकू येत नव्हते. महावीरने कुलूप काढले. आत धूळ होती, कोपऱ्यात रिकाम्या बॉबिनांचा ढीग होता, आणि ढिगाआडून दोन कान दिसले.

प्राची जमिनीवर बसली. "काकवी." मागांच्या आवाजात तिची हाक बुडाली, पण कान हलले. बरगड्या मोजता याव्यात अशी झालेली ती कुत्री लंगडत आली आणि प्राचीच्या मांडीत शिरली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी दारातच उभा होतो. ती यावी असे मला वाटत होते, आणि येऊ नये असेही.

ती आली. माझा हात हुंगला. जणू मधले काही घडलेच नव्हते. तिने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. माझा अपराध तिला ठाऊकच नव्हता.

"अप्पा, हात मागं घ्या," प्राची घाईने म्हणाली आणि तिने काकवीला माझ्यापासून ओढून घेतले. "पुन्हा काही व्हायला नको."

त्या घाईत मला कळले की माझ्या मुलीलाही ते आता खरे वाटू लागले आहे.

घरी आल्यावर विजयाने तिला दूध-भात घातला, पण मी पडवीत गेलो की ती साबण आणि पाणी घेऊन मागे उभी राही. प्राची पुन्हा घरी राहायला आली. ती काकवीला माझ्या जवळ येऊ देत नसे. साखळी दोन वेळा मनगटाला गुंडाळून धरी. कुत्री मात्र माझ्याकडे ओढ घेई. ही ओढाताण रोजच चाले, आणि मी खुर्चीत बसून ती पाहत असे.

एका दिवशी मी एकटा कट्ट्यावर गेलो. मारुतीला सगळे सांगितले आणि म्हशीची तपासणी करून घ्यायला विनवले. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"माझ्या म्हशीवर नाव घालता व्हय, पावणं? बाप-आजापास्नं दूध पाजतोय गावाला."

"तिच्यामुळे मी मरणाच्या दारात जाऊन आलो, मारुती. तुझी मुलंही तेच दूध पितात."

मुलांचे नाव निघाल्यावर तो वरमला. शेवटी म्हणाला, "उद्या जनावरांच्या डाक्टरला आनतो. पन एक सांगा, घरात सांगितलंसा का हे?"

मी जायला वळलो.

"न्हाय? बायकोपुढं बोलायला तोंड न्हाय, आन माझ्या मुक्या म्हशीपुढं आलासा व्हय?"

त्याच्या म्हशीत खरोखरच रोग निघाला. त्याने आठवडाभर कट्टा बंद ठेवला, आणि पुढे तो दूध तापवूनच देऊ लागला. गिऱ्हाईक कमी झाले तरी. मला वाटले, आता कोणाला धोका नाही, आता सांगितलेच पाहिजे असे काही उरले नाही. माणूस स्वतःला किती सहज समजावतो.

*

दशलक्षण पर्व संपल्यावर आमच्यात क्षमावाणी असते. सगळे बस्तीत जमतात आणि एकमेकांपुढे हात जोडून म्हणतात, जाणतेपणी-अजाणतेपणी काही चुकले असेल तर क्षमा असावी. समोरचाही तेच म्हणतो. लहानपणापासून मी हे म्हणत आलो आहे, शेकडो माणसांना. त्यात माझा एकही अपराध कधी त्याच्या नावानिशी आलेला नव्हता.

आजारातून उठल्यावरची माझी ती पहिली क्षमावाणी. बस्तीत मला आण्णा म्हणणारे लोक मुद्दाम भेटायला येत होते. "आण्णा, पुण्याईनं वाचलासा." "नियमाचा माणूस, त्याला काय होतंय?" मी हात जोडत होतो. विजया शेजारी उभी होती, काठाच्या पांढऱ्या साडीत. गर्दीतून प्राची आली. ठरलेले शब्द बोलेल म्हणून मी हात जोडले. तिने ते शब्द उच्चारलेच नाहीत.

"अप्पा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी हट्टानं तिला घरात आणलं. आई नको म्हणत होती. तुम्ही मरता मरता वाचलात, ते माझ्यामुळं. इतके महिने मला बोलता आलं नाही. मला क्षमा करा." आणि ती माझ्या पायांवर वाकली.

विजयाने डोळ्यांना पदर लावला. "करा की हो क्षमा. पोर आतल्या आत जळतीया."

आजूबाजूची माणसे थांबली. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले होते. ती सारी माझ्या तोंडच्या दोन शब्दांची वाट पाहत होती. ते दोन शब्द मी उच्चारले असते तर माझे खोटे कायमचे खरे झाले असते, आणि माझ्या मुलीने ते जन्मभर वाहिले असते. मला पुन्हा ताप चढला आहे असे वाटले. कानशिले तापली. मी प्राचीला खांद्यांना धरून उठवले.

"नाही," मी म्हणालो.

"अहो, नाही काय?" विजया म्हणाली.

"आण्णा, बसा जरा," मागून कोणी तरी म्हणाले. "चक्कर आली वाटतं."

"चक्कर नाही. मला बोलू द्या." माझा आवाज लहान होता, पण बस्तीत शांतता पसरली होती. "प्राची, मी कट्ट्यावरचं कच्चं दूध पीत होतो. दिवस मावळल्यावर. काकवीला फिरवायला नेतो म्हणून तिथंच जात होतो. तिला करवंटीत दूध मीच पाजलं. ताप तिनं मला दिला नाही, बाळा. तिला तो माझ्या हातून झाला."

"अप्पा, काय बोलताय?"

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तू माझा हात धरून विनवत होतीस तेव्हा मी तिला घालवून दिलं. विजया, तू डबा घेऊन धावत यायचीस, तेव्हा जपायला माझ्याजवळ नियम उरलाच नव्हता." विजयाच्या हातातला पदर तसाच राहिला होता. मी तिच्याकडे पाहिले, मग प्राचीकडे, आणि हात जोडले. "अजाणता काही झालेलं नाही. सगळं मी जाणून केलं. दोघींनी मला क्षमा करा."